लोला इसिंगची तिसरी पायरी

सांता मोनिकात मुलीला पहिली पाळी आली, की तिची आई आधी तिला लोला इसिंगकडे, म्हणजे इसिंग आजीकडे, न्यायची. पॅड त्यानंतर आणायची. लोला इसिंगच्या घराला जुना लाकडी जिना होता. मुलीनं खालून तिसऱ्या पायरीवर उभं राहायचं आणि अंगणात उडी मारायची, म्हणजे पाळी जन्मभर तीन दिवसांत आटोपते. जिने सगळ्यांच्याच घरांना होते, कारण गाव तळ्याकाठी होतं आणि तळं दर दोन-चार वर्षांनी घरात पाहुणं यायचं. पण बाकीच्यांचे जिने आता सिमेंटचे झाले होते, आणि सिमेंटला बायकांतलं काही कळत नाही, असं लोलाचं म्हणणं होतं.

उडीच्या वेळी लोला जिन्याशेजारी वेताच्या खुर्चीत बसायची. "गुडघे जुळव. बेडूक आहेस का तू?" असं हातातल्या पंख्यानं दटावायची. उडी पसंत पडली की मान हलवायची, आणि मग सगळ्यांना केळीच्या पानातला गोड भात मिळायचा. या उपायाचा गुण येतो की नाही, हे कुणी कधी तपासलं नव्हतं. "किती दिवस चालते गं तुझी?" असं विचारलं की सांता मोनिकातली प्रत्येक बाई "तीन" म्हणायची, आणि चौथ्यापासून पुढच्या दिवसांबद्दल गप्प बसायची.

गप्प बसणं जमलं नाही ते फक्त जुवेलिनला, आणि ती लोलाची सख्खी नात होती.

जुवेलिनची पाळी कधी दोन-तीन महिने यायचीच नाही. मग यायची ती जायचं नाव घ्यायची नाही. यंदा राखेच्या बुधवारी, ईस्टरच्या उपासाबरोबरच, सुरू झाली. उपासाचे चाळीस दिवस संपले, ईस्टर झाला, गावानं डुक्कर भाजून खाल्लं, तरी हिचं चालूच. ती बालवाडीत शिकवायची. वर्गात बसायला मुलांच्याच बुटक्या प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या, आणि उठताना दर वेळी ती आधी हातानं मागचं चाचपून बघायची, मग खुर्ची बघायची, मगच मुलांकडे बघायची. महिनाभर ती रोज काळी पँट घालून आल्यावर एका मुलीनं हळूच विचारलं होतं, "टीचर, तुमच्याकडे कोण मेलं?"

मेलं कुणी नव्हतं, पण दोन मजले चढल्यासारखा दम तिला फळ्यावर मांजर काढतानासुद्धा लागायला लागला होता. कानात सतत कुणीतरी तांदूळ पाखडतंय असा आवाज यायचा. तिला डॉक्टरकडे जायचं होतं. एवढंच हवं होतं तिला. घरात मात्र त्याआधी मे महिन्याची मिरवणूक उभी होती.

मेच्या शेवटी गावातल्या मुली राण्या होऊन चर्चपर्यंत चालत जातात. सगळ्यांत शेवटी एलेना राणी, पांढऱ्याशुभ्र झग्यात, डोक्यावर मुकुट. या वर्षी एलेना राणी जुवेलिन होती. तिला कुणी विचारलं नव्हतं. मिरवणुकीच्या कमिटीवर तिच्या वडिलांची थोरली बहीण, तीता बेबी, म्हणजे बेबी आत्या, बसली होती, आणि तीता बेबी एकदा बसली की उठवणारा गावात कुणी नव्हता. वय अठ्ठेचाळीस, नाव बेबी.

ईस्टरनंतरच्या रविवारी कमिटीच्या बायका लोलाच्या ओसरीवर कागदाची फुलं करायला जमल्या, तेव्हा जुवेलिननं विषय काढला.

"मी उद्या शहरात जाऊन येते म्हणते. बायकांच्या डॉक्टरकडे."

कात्र्या थांबल्या.

"लग्न न झालेली मुलगी बायकांच्या डॉक्टरकडे?" तीता बेबी म्हणाली. "आणि लोकांनी काय समजायचं?"

"माझी पाळी थांबत नाही, असं समजायचं."

"लोक असं कधी समजतात का? जरा विचार करून बोल."

"तू पाळीत डोकं धुतेस," दुसरी एक बाई म्हणाली. "मी पाहिलंय. ओले केस घेऊन फिरतेस. थंडावा आत शिरतो आणि रक्ताला वाट सापडत नाही."

"रक्ताला वाट सापडलीय, म्हणूनच तर..." जुवेलिन म्हणाली.

"आणि कैऱ्या खाते," तीता बेबी म्हणाली. "आंबट खाल्लं की पोटात रक्त गोठतं."

"गोठलं असतं तर बरं झालं असतं, तीता."

"बघा, बघा, कशी तोंड वर करून बोलते. मी म्हणते, खराब रक्त आहे, जातंय ते चांगलंच आहे. जाऊ दे सगळं."

"सगळं गेलं तर मी काय करू?"

जुवेलिनची आई, मिलाग्रोस, स्वयंपाकघरातून कोंबडीचं सूप घेऊन आली. सुपात शेवग्याचा पाला इतका होता की कोंबडी दिसत नव्हती. ईस्टरपासून ती लेकीला रोज शेवगा आणि काळीज खायला घालत होती, आणि काही बोलत नव्हती. बोलायचं काम त्या घरात सासूकडे आणि नणंदेकडे होतं.

लोला फुलं करत नव्हती. ती आपल्या जिन्याकडे बघत होती. गेल्या पंधरवड्यात दोन आयांनी आपल्या मुली पलीकडच्या गावच्या जिन्यावर नेल्या होत्या, आणि ते तिला कळलं होतं.

"माझ्या पायरीवरून उडी मारलेल्या पोरीला असं होत नाही," ती शेवटी म्हणाली. "हिनंच काहीतरी चुकवलंय."

सोमवारी जुवेलिन बालवाडीतून परस्पर शहरात गेली.

डॉक्टर व्हिलाफ्लोरचा दवाखाना एका बेकरीच्या वर, पहिल्या मजल्यावर होता. बाहेरच्या बाकांवर पोटं घेऊन बसलेल्या बायका होत्या. त्यांनी जुवेलिनच्या सपाट पोटाकडे पाहिलं, मग तिच्या अंगठी नसलेल्या बोटाकडे, आणि थोडं सरकून तिला जागा दिली. दया आली असावी. जुवेलिन वर्तमानपत्र वाचायला लागली. ते मागच्या वर्षीचं होतं.

डॉक्टरबाई बुटक्या, चष्मेवाल्या आणि घाईत होत्या. त्यांनी आधी गरोदरपणाची चाचणी केली. ती निगेटिव्ह आली. मग रक्त तपासलं, थायरॉइडसाठी वेगळी नळी भरून घेतली, पोटाची सोनोग्राफी केली, आणि पडदा तिच्याकडे वळवून दाखवला. पडद्यावर बीजकोश होता आणि त्याच्या कडेला मण्यांच्या माळेसारखे बारीक बारीक फुगे.

"तुमच्यात काय होतं सांगते," डॉक्टर म्हणाल्या. "गर्भाशय दर महिन्याला आतून अस्तर चढवतं. बीज सुटलं की काही दिवसांनी निरोप जातो, आता पुरे, उतरवा. मग ते एकदम उतरतं. ती पाळी. तुमच्याकडे बीज वेळेवर सुटतच नाही, म्हणून निरोपही जात नाही. रंगारी भिंतीवर हात मारतच राहतो. मग एक दिवस त्या जाड थराचे पापुद्रे आपल्याच वजनानं सुटायला लागतात. आज इथून, उद्या तिथून. म्हणून थांबत नाही."

"निरोप कोण नेतं?"

"एक हार्मोन. ते आपण गोळीतून द्यायचं."

जुवेलिनला एकदम इतकं हलकं वाटलं की तिनं आणखी चार प्रश्न विचारले. तिच्या पोटाबद्दल बोलताना तिच्या वागणुकीबद्दल न बोलणारं माणूस तिला पहिल्यांदाच भेटलं होतं.

"आणि हे कशामुळे होतं? डोकं धुतल्यामुळे?"

"नाही."

"कैऱ्यांमुळे?"

"कैऱ्या मलाही आवडतात. हे बघा, तुमच्यात रक्त जेवढं असायला हवं त्याच्या जेमतेम निम्मं आहे. तुम्ही चालत आलात याचंच मला आश्चर्य वाटतंय. लोहाच्या गोळ्या घ्यायच्या, आणि या घ्यायच्या. रोज, चुकवायच्या नाहीत. दोन-अडीच महिन्यांनी मला दाखवायला यायचं. मध्येच बंद केल्या तर पुन्हा हेच. कळलं?"

'या' म्हणजे कुटुंबनियोजनाच्या गोळ्या होत्या. पाकिटावर एक हसरं जोडपं छापलं होतं. औषधाच्या दुकानात काउंटरमागे जोसी उभी होती. जोसी सांता मोनिकाच्या चर्चमध्ये वरच्या पट्टीत गायची. तिनं पाकिटाकडे पाहिलं, जुवेलिनकडे पाहिलं, आणि "आणखी काही?" हे दोन शब्द अशा सुरात विचारले की मागच्या रांगेतल्या तिघांनी मान वर केली.

शहर ते गाव ट्रायसिकलला, म्हणजे बाजूला डबा जोडलेल्या मोटारसायकलला, अर्धा तास लागतो. बातमीला तेवढाही लागला नाही. जुवेलिन घरी पोचली तेव्हा तीता बेबी जेवणाच्या टेबलाशी हात जोडून बसली होती, आणि तिच्यासमोर पाण्याचा ग्लास भरून ठेवला होता, रडताना लागेल म्हणून.

"कुणाचं आहे?" तीता बेबीनं विचारलं.

"काय?"

"अगं, बाळ!"

"तीता, मला दीड महिना पाळी चालू आहे. तू स्वतः दुकानातून माझे पॅड मोजून आणतेस."

"तेच म्हणते मी! लपवायला बरी सोय केलीस."

जुवेलिननं खुर्ची ओढली आणि बसली. उभं राहून हे समजावणं तिला जमणार नव्हतं. "पाळी चालू असली की पोटात बाळ नसतं, तीता. दोन्ही एकदम होत नाही."

"जोसी म्हणाली तू गोळ्या घेतल्यास. बाळ न होण्याच्या गोळ्या."

"म्हणजे बाळ नाहीच, बरोबर?"

गावात त्या संध्याकाळी दोन बातम्या फिरत होत्या. एकीप्रमाणे जुवेलिनला दिवस गेले होते आणि दुसरीप्रमाणे ती दिवस जाऊ नयेत म्हणून गोळ्या खात होती. दोन्ही सांगणाऱ्या बायका बहुतेक त्याच होत्या. तीता बेबीनं त्यातली हाताशी होती ती निवडली. जुवेलिनची पर्स उघडून तिनं पाकीट बाहेर काढलं आणि दोन बोटांत धरून आपल्या आईला, लोलाला, दाखवलं.

"नानाय, बघा! एलेना राणीच्या पर्समध्ये! हे मी आत्ताच्या आत्ता तळ्यात फेकते."

"ते माझं औषध आहे," जुवेलिन म्हणाली. "माझ्यात रक्त निम्मं उरलंय."

स्वयंपाकघरात काहीतरी पडलं. मिलाग्रोस दारात आली. हातात पळी तशीच. "निम्मं?" ती म्हणाली. त्या दिवशी ती एवढंच बोलली, पण दारातून हलली नाही, आणि तळ्याकडे जायची वाट त्याच दारातून होती.

लोलानं पाकिटाकडे पाहिलंसुद्धा नाही. "बेबी, ओरडू नकोस. मला एक सांगा. ही पोर तेव्हा कितव्या पायरीवरून उडाली होती?"

"तिसऱ्या," जुवेलिन म्हणाली.

"तिसऱ्याच," तिचे वडील आंबो म्हणाले. ते ओसरीवर जाळं शिवत बसले होते आणि या विषयात पडायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं, पण बोलून गेले. "मला चांगलं आठवतं. अंगणात माती नवीन होती, भुसभुशीत. हिचे पाय घोट्यापर्यंत रुतले होते."

"माती नवीन का होती?" लोलानं विचारलं.

"भराव नव्हता का टाकला, नानाय? आदल्या वर्षी तळं घरात आलं म्हणून? आठ गाड्या..."

आंबोंचा आवाज विरत गेला. लोला उठली. तिला उठायला एरवी दोन माणसं लागायची. ती एकटीच जिन्यापाशी गेली, आणि सगळ्यात खालच्या पायरीच्या पुढ्यात पंख्याची दांडी मातीवर आपटून म्हणाली, "खण."

आंबोंनी खणलं. हातभर खाली नाही गेले तोच फावडं लाकडावर वाजलं. आणखी थोडी माती काढल्यावर पायरी दिसली. काळी पडलेली, गोगलगायीच्या शंखांनी भरलेली, तिच्यावर कुणाची तरी एक चप्पल. जिन्याची खरी पहिली पायरी.

"चौथी!" लोला ओरडली. तिच्या आवाजात दुःख होतं की सुटका, हे जुवेलिनला नीट ठरवता आलं नाही. "माझ्या नातीला चौथीवरून उडवलं! आंबो, मेल्या, जिना पुरलास आणि मला सांगितलं नाहीस!"

"नानाय, तुम्ही तिथंच बसला होता, याच खुर्चीत..."

"लोला," जुवेलिन म्हणाली, "पायरी पुरली तशी जमीनही वर आली ना? मग उंची तेवढीच राहिली. मी तेवढ्याच उंचीवरून उडी मारली."

"उडी उंचीची नसते. पायरीची असते."

"पण मग चार दिवस व्हायला हवेत," तीता बेबी म्हणाली. तिला हिशेब पटत नव्हता. "हिला दीड महिना का?"

लोलानं तिच्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "चुकीवर व्याज चढत नाही का, बेबी?"

आता सगळं सोपं झालं. भरावानंतर गावातल्या जेवढ्या मुली इथून उडाल्या, त्या सगळ्या चुकीच्या पायरीवरून उडाल्या होत्या, आणि चूक लोलाची नव्हती, पायरीची नव्हती, मुलींचीही नव्हती. मातीची होती, आणि माती आंबोंनी टाकली होती. उद्या सकाळी जुवेलिननं खऱ्या तिसऱ्या पायरीवरून पुन्हा उडी मारायची.

जुवेलिनला कानातल्या तांदळांच्या आवाजात आपला स्वतःचा आवाज लांबून आल्यासारखा ऐकू आला. "मारते. पण ते पाकीट मला परत पाहिजे."

"पायरी सापडल्यावर गोळ्या कशाला?"

जुवेलिन कॉलेजात जीवशास्त्र शिकली होती. तिला पुरावा म्हणजे काय हे माहीत होतं. ती म्हणाली, "उडी पुढच्या पाळीला लागू होईल, लोला. मागची चौथी पायरी अंगात मुरलीय. ती काढायला गोळ्या."

लोलानं डोळे मिटून विचार केला. "ते बरोबर आहे," ती म्हणाली. "बेबी, दे तिला."

तीता बेबीनं पाकीट दिलं, पण एका अटीवर. बाहेर कुणी विचारलं तर व्हिटॅमिन म्हणायचं.

उडी झाली. गुडघे जुळले. आंबोंनी खाली उभं राहून लेकीला झेललं, कारण उडीपेक्षा ती पडलीच जास्त. लोलानं मान हलवली, गोड भात वाटला गेला. आणि त्या आठवड्यात, गोळ्यांना ठाऊक असलेल्या वेळापत्रकाप्रमाणे, रक्त आधी कमी झालं आणि मग थांबलं.

लोलाला गोळ्यांचं वेळापत्रक ठाऊक नव्हतं. तिनं सगळ्या गावाला सांगितलं.

जुवेलिननं स्वतःशी कबूल केलं की पहिले काही दिवस तिला या खोट्याचा काही त्रास झाला नाही. ती झोपत होती. तिनं पिवळा फ्रॉक घातला आणि वर्गातली मुलं "टीचर, वाढदिवस?" म्हणून टाळ्या वाजवत आली. घरी लोक यायला लागले होते. आधी भरावानंतर उडालेल्या मुली आल्या, मग त्यांच्या मावश्या. पायरी सापडल्याचं ऐकून, जन्मात इथून उडी न मारलेल्या बायकाही आल्या. दुरुस्तीची उडी, असं तिला नाव पडलं. तीता बेबीनं जिन्याला फुलांची कमान बांधली. मिरवणुकीच्या कागदी फुलांतली उरलेली होती.

मग एका शनिवारी तीता नोर्मा आली.

नोर्मा नात्यातली नव्हती, मानाची तीता होती; ती बालवाडीच्या फाटकाशी काडीला टोचून भाजलेली केळी विकायची. जुवेलिन तिच्याकडून रोज एक काडी घ्यायची, आणि रोज तिला दिसायचं की नोर्मा काळी पँट घालते, गाडी ढकलताना दर कुंपणाला टेकते, आणि उठताना हातानं मागचं चाचपते. दिसायचं, आणि ती केळं खाऊन वर्गात जायची.

त्या शनिवारी लोलाच्या ओसरीवर पांढऱ्या झग्याची शेवटची मापं चालू होती. जुवेलिन स्टुलावर उभी, अंगावर पांढरी लेस, ठिकठिकाणी टाचण्या. कमिटी भोवती बसलेली. नोर्मा अंगणातून जिन्याकडे आली. दुसऱ्या पायरीवर थांबून तिनं कठडा धरला. तिचे ओठ भाताच्या पेजेसारखे होते.

"चार महिने झाले गं," ती म्हणाली. सगळ्यांना एकदमच सांगितल्यासारखं. "थांबतं, परत येतं. नवरा म्हणाला डॉक्टरला दाखव. मी म्हटलं, डॉक्टर कशाला? टीचर जुवेलिन एका उडीत बरी झाली, ते काय मला दिसत नाही?"

"चढ, चढ," लोला खुर्चीतून म्हणाली. "तिसरी. गुडघे जुळव."

नोर्मा तिसऱ्या पायरीवर चढली. तिचे गुडघे जुळत होते आणि सुटत होते.

"थांबा," जुवेलिन म्हणाली.

"हलू नकोस, टाचणी लागेल," शिंपीण म्हणाली.

"तीता नोर्मा, उडी मारू नका. मी उडीनं बरी झाले नाही."

"जुवेलिन," तीता बेबी म्हणाली. पुढचं सगळं त्या एका नावात होतं.

"मी गोळ्या घेते. डॉक्टरनं दिलेल्या. कुटुंबनियोजनाच्या. रोज घेते, आजही घेतली."

"व्हिटॅमिन!" तीता बेबी बायकांकडे वळून म्हणाली. "व्हिटॅमिन म्हणायचंय तिला. उन्हामुळे..."

"व्हिटॅमिन नाही, तीता. पाकिटावर जोडपं आहे. चौथी पायरी अंगात मुरली असं मी लोलाला सांगितलं ते मी बनवून सांगितलं, कारण मला त्या गोळ्या पाहिजे होत्या."

तीता बेबीनं शिंपिणीकडे पाहिलं.

"टाचण्या काढ," ती म्हणाली. "माझ्या लेकीची, क्रिस्टलची, मापं घे."

शिंपीण टाचण्या काढायला लागली. एकेक टाचणी निघाली तसा झगा सैल होत गेला. जुवेलिनला वाटलं होतं तेवढं वाईट वाटलं नाही. दीड तास पांढऱ्यात चालायचं या कल्पनेनं तिला महिनाभर स्वप्नं पडत होती, आणि कुठल्याही स्वप्नात मुकुट आला नव्हता.

ती बघत होती लोलाकडे. सगळ्याच बघत होत्या. लोलाचा पंखा थांबला होता. गावासमोर, कमानीखाली, स्वतःच्या नातीनं तिची पायरी खोटी पाडली होती. लोलानं तोंड उघडलं, आणि त्याच वेळी नोर्मा तिसऱ्या पायरीवरून खाली बसली. उडी नाही, पायच गेले, आणि ती घसरत भरावाच्या खड्ड्यापर्यंत आली.

सगळ्या धावल्या. लोला सगळ्यांच्या आधी पोचली. तिनं आयुष्यभर डुकरं पाळली होती, आणि डुकरात रक्त किती आहे हे पापणीच्या आत दिसतं. तिनं नोर्माची खालची पापणी अंगठ्यानं ओढली आणि आत पाहिलं.

"हिच्यात काही नाही," लोला म्हणाली. "कागद आहे आत."

लोलानं जुवेलिनकडे पाहिलं, जिन्याकडे पाहिलं, मग पुन्हा नोर्माच्या पापणीकडे. जुवेलिन हातात टाचण्यांची डबी घेऊन, अर्ध्या निघालेल्या झग्यात, तशीच उभी होती.

"ही माझ्या पायरीवर मेली असती," लोला म्हणाली. "आणि तुम्ही सगळ्या तळ्याच्या पलीकडे जाऊन सांगितलं असतं, इसिंगचा जिना बायका खातो." ती उठली. "आंबो, ट्रायसिकल बोलव. मिलाग्रोस, तू हिच्याबरोबर जा. आणि ऐका. यापुढे माझ्या जिन्यावर कुणी अशीच चढायची नाही. पाळी लांबली असेल तर आधी ती शहरातली डॉक्टरीण बघेल. रक्त बघेल, जे काय बघायचं ते बघेल. ती काय देईल ते गिळायचं. मग उडी."

"आणि नानाय, तिनं असल्या गोळ्या दिल्या तर?" तीता बेबीनं विचारलं.

"मी काय म्हणाले? जे देईल ते." लोला खुर्चीत बसली. मग जुवेलिनला म्हणाली, जरा हळू, "अंगात मुरली म्हणालीस ते खोटं होतं होय?"

"हो, लोला."

"मला पटलं होतं," लोला म्हणाली. "मला अजून पटतं."

क्रिस्टल एलेना राणी झाली आणि छान दिसली. जुवेलिन तिच्या मागे मेणबत्ती घेऊन चालली, निळ्या फ्रॉकमध्ये, आणि चर्चमध्ये पोचल्यावर बाकावर न चाचपता बसली. वरच्या पट्टीत गाताना जोसीनं तिच्याकडे दोनदा पाहिलं. दुसऱ्यांदा जुवेलिननं हात हलवला.

जुलैत ती डॉक्टर व्हिलाफ्लोरकडे दाखवायला गेली. मध्ये पाळी दोनदा येऊन गेली होती, आठवड्याच्या आत. लोला म्हणाली, मीही येते, ती बाई कशी आहे बघू. बेकरीच्या वर पोचल्यावर जुवेलिन दारातच थांबली. बाकांवर सांता मोनिका बसलं होतं. फुलं करणाऱ्या दोघी, शिंपीण, सुनेला घेऊन आलेली एक सासू, आणि भिंतीशी नोर्मा, ओठांवर चक्क रंग असलेली, मांडीवर केळ्यांचा डबा. कोपऱ्यात एक बाई छत्री उघडून बसली होती. छपराखाली.

"तीता बेबी?" जुवेलिन म्हणाली.

छत्री हलली. "मी दाताला आलेय."

"दाताचा दवाखाना खाली आहे, तीता. आणि तो सोमवारी बंद असतो."

"म्हणूनच वर बसलेय ना. वाट बघत."

आतून नर्स बाहेर आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडली, "एपिफानिया! पाळी फार जाते, बरीच वर्षं! एपिफानिया कोण?"

लोला सोडली तर गावातल्या कुणाला एपिफानिया नावाची बाई माहीत नव्हती. सगळ्यांनी एकमेकींकडे पाहिलं. छत्री हळूहळू मिटली.

दुपारी सगळ्यांची कामं आटोपली तेव्हा लोला सगळ्यांच्या आधी खाली उतरली आणि बेकरीच्या जिन्याशी तिनं पंखा आडवा धरला. "औषध मिळालं ना? मग आता. तिसरीवरून. एकेक जण."

बेकरीतली माणसं पाव हातात घेऊन बाहेर आली. बायका एकेक करून उडाल्या. नोर्मा उडाली आणि दोन्ही पायांवर नीट उभी राहिली. तीता बेबी सर्वांत शेवटी, पर्समधलं पाकीट घट्ट धरून. गुडघे जुळले.

आवाज ऐकून डॉक्टर व्हिलाफ्लोर जिन्याच्या वरच्या टोकाशी आल्या. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला.

"हे काय आहे?" त्यांनी जुवेलिनला विचारलं.

"तुमच्याकडे येण्याची अट आहे, डॉक्टर. ही नसती तर यातली एकही आली नसती."

डॉक्टर दोन पायऱ्या खाली उतरल्या. "मलाही माझ्या लोलानं उडवलं होतं," त्या म्हणाल्या. "तिसरीवरूनच."

खालून लोलानं मान वर केली. "मग? किती दिवस?"

"नऊ," डॉक्टर म्हणाल्या.

कमिटीची नजर लोलावर खिळली. लोलानं मात्र पंखा एकदा हलवला, अगदी सावकाश.

"जिना सिमेंटचा होता का?"

डॉक्टरनं आठवून पाहिलं. "हो," त्या म्हणाल्या. "होता खरा."

लोलानं सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली. मग तिनं त्या दवाखान्याच्या पायऱ्यांवर पंख्याची दांडी वाजवून बघितली, एकेक, अगदी कान देऊन. लाकूड होतं. तिनं मान हलवली.